पोकरमध्ये जिंकणे म्हणजे नेमके किती : नवशिक्यांसाठी अनुभवकथन

पोकर शिकू इच्छिणाऱ्या गोव्यातील तरुणाला सर्वप्रथम कायद्याची बाजू सांगावी लागते, कारण मी हा खेळ शिकलो तेव्हाची परिस्थिती आता राहिलेली नाही. मांडवीतील कॅसिनोंच्या खेळाच्या दालनांत गोमंतकीयांना फेब्रुवारी 2020 पासून मनाई आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंदीच्या कक्षेत आणले, आणि त्यानंतर देशातील प्रमुख कंपन्यांनी आपली पैशांची टेबले बंद केली. परदेशी संकेतस्थळांची आडवाट सुचवणारे मित्र डिचोलीपासून मडगावपर्यंत सगळीकडे भेटतात. तेथे पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागायची, हे मात्र त्यांपैकी कोणी सांगत नाही. त्यामुळे पुढील विवेचन आभासी चिपांवर खेळणाऱ्यांसाठी आणि संभाव्यतेचा अभ्यास म्हणून पोकरकडे पाहणाऱ्यांसाठी आहे. पैशांच्या खेळाचे दाखले त्यात येतात ते बंदीपूर्वीच्या काळातले आहेत.

आपल्याकडे पत्त्यांची ओळख बहुधा चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सणात, होते. आरत्या आटोपल्या की तीन पत्तीचा डाव पडतो, आणि त्या डावात समोरच्याचा चेहरा वाचणारा हुशार ठरतो. ऑनलाइन टेक्सास होल्डेममध्ये, म्हणजे हातातले दोन आणि टेबलावर सर्वांसाठी उघडले जाणारे पाच पत्ते यांवर खेळायच्या पोकरच्या प्रकारात, चेहरा नसतोच. तेथे दिसते ती फक्त लावलेली रक्कम, ती लावायला घेतलेला वेळ आणि खेळाडूची टेबलावरील जागा, आणि या तिन्हींत जागेचे मोल सर्वांत जास्त असते.

52 पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या 1326 जोड्या होतात. त्यांत दोन एक्के सरासरी 221 हातांतून एकदा आणि कोणतीही एकसारखी जोडी साधारण 17 हातांतून एकदा येते. म्हणजे बहुतेक वेळा हाती येणारे पत्ते टाकून देण्याजोगेच असतात. सहा जणांच्या टेबलावर पहिल्यांदा बोलणाऱ्याने, म्हणजे आधी निर्णय घेणाऱ्याने, सहापैकी एखादाच हात खेळावा, तर बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर) सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवर, बसलेल्याने चाळीस टक्क्यांच्या आसपास हात खेळले तरी चालते. पत्ते तेच असतात. पण शेवटी बोलणाऱ्याला इतरांचे निर्णय आधी कळतात. इस्पिकचा राजा आणि बदामचा दश्शा ही जोडी पहिल्या जागेवरून टाकून द्यायची आणि बटणावरून त्याच जोडीवर रेज करायचा, म्हणजे रक्कम वाढवायची, ही शिस्त मला अंगवळणी पडली तेव्हा माझ्या खेळात पहिला मोजता येण्याजोगा फरक पडला.

दुसरा अभ्यास पॉटच्या, म्हणजे डावात सर्वांनी मिळून लावलेल्या रकमेच्या, हिशेबाचा. पॉटमध्ये 600 आहेत आणि समोरच्याने 300 लावले, असे धरू. तुम्हाला 300 घालून एकूण 1200 च्या पॉटवर हक्क सांगायचा आहे, म्हणून किमान 25 टक्के वेळा जिंकण्याची शक्यता हवी. तुमच्याकडे एकाच रंगाचे (उदाहरणार्थ, सगळे बदामचे) चार पत्ते झाले असून पाचव्याची वाट आहे. उरलेले नऊ पत्ते कामाचे आहेत. फ्लॉपनंतरचे दोन्ही पत्ते पाहायला मिळणार असतील तर शक्यता सुमारे 35 टक्के असते. एकच पत्ता पाहायचा असेल तर ती 20 टक्क्यांच्याही जरा खालीच राहते. नवखा खेळाडू 35 चा आकडा पाठ करतो आणि तो टर्नवरही (टेबलावरचा चौथा पत्ता उघडल्यावरही) वापरतो, किंवा फ्लॉपवर वापरताना टर्नवर पुन्हा रक्कम मागितली जाईल हे विसरतो. जेथे 25 टक्के हवेत तेथे 20 टक्क्यांवर कॉल करणे, म्हणजे समोरच्याइतकी रक्कम घालणे, तोट्याचेच, मग त्या हातात रंग लागो वा न लागो. रंग लागल्यावर समोरच्याकडून आणखी रक्कम निघण्याची खात्री असेल तरच हा हिशेब बदलतो, आणि ती खात्री नवखे फार सढळपणे गृहीत धरतात.

हाच हिशेब उलट बाजूनेही करावा. ब्लफ म्हणजे कच्च्या हातावर रक्कम लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावणे. पॉटच्या निम्म्या रकमेचा ब्लफ तीनांतून एकदा यशस्वी झाला तरी बरोबरी होते. पॉटएवढ्या ब्लफला दोनांतून एकदा यश लागते. लहान टेबलांवर लोक पत्ते टाकतच नाहीत. तेथे ब्लफ कमी करून चांगल्या हातावर मोठी रक्कम लावणे हीच उत्तम रणनीती असते, जरी ती कंटाळवाणी असली तरी.

संगणकाने काढलेल्या ‘संतुलित’ खेळाचे आकर्षण नवशिक्यांना फार असते. जानेवारी 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रणालीने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी समोरासमोरच्या, एकूण 1,20,000 हातांच्या सामन्यात हरवले, हे खरे आहे. परंतु संतुलित खेळ दोघांच्या सामन्यात तुम्हाला दीर्घकाळात हरू देत नाही, एवढीच त्याची हमी असते. कच्च्या खेळाडूच्या चुकांतून जास्तीत जास्त मिळवून देण्याचे काम त्याचे नव्हे. सॉल्व्हरचे, म्हणजे असा संतुलित खेळ काढणाऱ्या संगणक प्रणालीचे, तक्ते पाठ करण्याआधी समोरचा कोठे चुकतो, हे लिहून ठेवायला शिकावे.

आता मुख्य प्रश्न : आपण जिंकतो आहोत, हे कळणार कसे? शंभर हातांमागे किती मोठे ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी एका जागेवरून सक्तीने लावायची ठरलेली रक्कम) मिळाले, हे त्याचे माप. समजा एखाद्याच्या कमाईचा खरा वेग शंभर हातांमागे 5 मोठे ब्लाइंड आहे, जो चांगलाच म्हणावा लागेल. सहा जणांच्या नो-लिमिट (लावायच्या रकमेला मर्यादा नसलेल्या) टेबलावर याच मापाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, शंभरच्या आसपास असू शकते. दहा हजार हातांनंतर त्याची अपेक्षित कमाई 500 ब्लाइंड, तर चढउतार 1000 ब्लाइंडचा. म्हणजे असा जिंकणारा खेळाडूही दहा हजार हातांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 31 टक्के असते. एक लाख हातांनंतर ती 6 टक्क्यांच्या आसपास उतरते, शून्य होत नाही. याची दुसरी बाजू अधिक घातक आहे : थोडासा हरणारा खेळाडू दहा हजार हातांनंतर सहज नफ्यात दिसू शकतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर मोठ्या टेबलावर जातो. एका महिन्याच्या कमाईवर नोकरी सोडण्याचा विचार करणारे मी पाहिले आहेत.

नोंदवहीत जागांनुसार वेगळे रकाने करावेत. मोठ्या ब्लाइंडच्या जागी बसून दर वेळी पत्ते टाकले तर शंभर हातांमागे शंभर ब्लाइंड जातात. तेथे चाळीसच जात असतील तर खेळाडू त्या जागी साठ वाचवतो आहे. हे ठाऊक नसलेला माणूस त्या रकान्यातील उणे चिन्ह पाहून नको ते हात खेळू लागतो. रेकचा रकानाही स्वतंत्र हवा. पॉटमधून कापल्या जाणाऱ्या या रकमेमुळे टेबलावरील सर्वांची मिळून बेरीज उणेच असते. बंदीपूर्वीच्या शेवटच्या काळात तर त्यावर एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के करकपात आणि ऑक्टोबर 2023 पासून जमा रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर असा भार पडला होता. लहान टेबलांवरील कित्येक ‘विजयी’ रणनीती हा भार लावताच तोट्याच्या ठरत होत्या.

आभासी चिपांच्या टेबलांवर ब्लफचा सराव होत नाही, कारण तेथे प्रत्येक जण प्रत्येक हात पाहायला येतो. जागेनुसार पत्ते निवडणे आणि पॉटचा हिशेब मनातल्या मनात करणे यांसाठी मात्र ती पुरेशी आहेत. खेळताना एकाच टेबलावर बसावे, अडलेला हात त्याच वेळी टिपून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी निकाल झाकून, केवळ त्या क्षणी ठाऊक असलेल्या माहितीवर तो निर्णय पुन्हा घ्यावा. दोन्ही निर्णय जुळले नाहीत तर त्या हाताचे गणित कागदावर पूर्ण मांडावे, आणि तो कागद त्याच प्रकारचा पुढचा हात येईपर्यंत जपून ठेवावा.