घरात कुत्रा आहे आणि एअर प्लांट आणताय? या चुका टाळा

एअर प्लांट म्हणून विकली जाणारी टिलँडसिया कुत्र्यासाठी विषारी नाही. अननसाच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती. कुत्र्याने दोन पानं चावली तर फार तर एखादी उलटी होईल. एवढं ऐकून लोक निर्धास्त होतात आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे झाड न ओळखता नुसतं नाव शोधणं. आपली पानफुटी, जिच्या गळून पडलेल्या पानाच्या कडेने रोपं फुटतात, तिलाही इंग्रजीत एअर प्लांटच म्हणतात. ती कलांचो या वेगळ्याच वनस्पतीची जात. तिच्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ब्युफाडायनोलाइड्स असतात.

आमच्या सोसायटीतल्या एका घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे. त्यांनी फोनवर ‘एअर प्लांट सुरक्षित’ एवढं वाचलं आणि पानफुटीची कुंडी खाली जमिनीवरच राहू दिली. मुतखड्यावर माणसं हीच पानं खातात, मग कुत्र्याला काय होणार, असाही हिशेब होताच. पिल्लाने पानं खाल्ली, वर फुलांचा तुराही. उलट्या, लाळ, मग एकदम मलूल. मी पोचले तेव्हा घरात मीठ-पाणी पाजायची तयारी चालली होती. ते कधीही करू नका. उलटी होवो न होवो, जास्तीचं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. चावलेली फांदी पिशवीत घालून आम्ही डॉक्टरांकडे धावलो. फांदी बघताच त्यांनी आधी हृदयाचे ठोके तपासले आणि रात्रभर सलाइन लावलं. पिल्लू वाचलं.

दुसरी चूक सजावटीची. टिलँडसियाला माती लागत नाही म्हणून काचेच्या गोळ्यात रंगीत खडे भरायचे आणि तो गोळा टीपॉयवर ठेवायचा! पिल्लू खडे गिळतं, आतडं अडतं आणि ऑपरेशनची वेळ येते. गोंद, तार, फुटकी काच यांचा धोका वेगळाच. तांब्याच्या तारेने तर झाडही मरतं. मी लाकडाच्या तुकड्यावर जुन्या नायलॉन मोज्याच्या पट्टीने रोप बांधते आणि खिडकीच्या ग्रिलला वर अडकवते. दिसायला साधं, पण वर्षानुवर्षं टिकतं. दुकानातला तयार गोळा घेऊन मोकळं होण्याची घाई मला पटत नाही.

दाढीसारखा लोंबणारा स्पॅनिश मॉस (हीही टिलँडसियाचीच जात) कुत्र्याच्या उडीच्या वरच हवा. ओढून गिळला तर पोटात गुंता होतो.

रोप भिजवलेलं पाणी, विशेषतः खत घातलेलं, लगेच ओतून टाका. बादली तशीच राहिली की कुत्रा तोंड घालणारच.

नवीन रोपावर नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असू शकतं. धुऊन काही दिवस बाजूला ठेवा.

शेजारच्या कुंडीत खत म्हणून एरंडीची पेंड नको. वासाने कुत्रे ती उकरून खातात आणि तिच्यातलं रायसिन हे विष जीव घेऊ शकतं.

कुत्रा झाडाकडे फिरकू नये म्हणून मिरचीपूड टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याचे डोळे आणि नाक जळतात, शिवाय टिलँडसिया पानांवरच्या बारीक खवल्यांतूनच पाणी पिते, त्यांवर पूड बसते ती वेगळीच. ‘सोड’ म्हटलं की सोडायला शिकवा. वेळ लागतो, रोज थोडा द्या.

आणि काही खाल्लंच, तर दूध-तुपाचे प्रयोग न करता उरलेलं पान, झाडाचा फोटो आणि खाल्ल्याची वेळ घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.