घरच्या सामायिक मेल खात्यातले मेल ज्याचे त्याला आपोआप कसे पाठवायचे

आई-बाबांचं एक सामायिक जीमेल खातं आहे. साताऱ्याच्या घराचं लाइटबिल, बाबांच्या पेन्शनच्या बँकेची स्टेटमेंटं, एलआयसीच्या हप्त्याची सूचना, आयकर खात्याचे मेल, लॅबचे रिपोर्ट, सगळं तिथे येतं. बाबा ते मोबाईलवर बघतात, पण प्रत्येक गोष्ट निस्तरणं आता त्यांच्या जिवावर येतं. निस्तरायला मी पुण्यात, दादा नाशिकला आणि ताई दुबईत. त्यामुळे मेल आपोआप पुढे जाण्याची व्यवस्था आम्ही करून घेतली. ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे, त्यांच्यासाठी ती कशी करायची ते इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी ठरवा: कोणता मेल कोणाच्या कामाचा. सगळे मेल सगळ्यांना पाठवायची कल्पना सोपी वाटते, पण लाइटबिल तिघांना गेलं की एक तर तिघंही दुसऱ्यावर विसंबून राहतात, नाहीतर दोघं भरून मोकळे होतात. दोनदा भरलेलं महावितरण पुढच्या बिलात वळतं करतं, हे खरं. एलआयसीचा हप्ता सगळ्यांकडूनच राहून गेला तर मात्र तसं निभत नाही. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला सवलतीची मुदत ३० दिवस आणि मासिकाला फक्त १५ दिवस, आणि ती टळली की पॉलिसी बंद पडते. म्हणून आमच्याकडे लाइटबिल आणि घरपट्टी माझ्याकडे, एलआयसी आणि आयकर दादाकडे, लॅबचे रिपोर्ट ताईकडे कारण ती डॉक्टर आहे. ही वाटणी कागदावर लिहा आणि ज्यांचं खातं आहे त्यांना वाचून दाखवा. आईने त्या वेळी स्पष्ट सांगितलं, माझे रिपोर्ट ताईशिवाय कुणाला जायला नकोत. तिचा तो हक्क आहे, आणि हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. त्यासाठी संगणक किंवा लॅपटॉप लागतो, कारण जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये फॉरवर्डिंग, म्हणजे मेल आपोआप पुढे पाठवणं, सुरू करायची सोय नाही. ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांना शेजारी बसवा आणि त्यांचा फोन हाताशी ठेवा. अशी सेटिंग बदलताना खातं तुमचंच आहे का याची खात्री गूगल कधीकधी पुन्हा मागतं, आणि ती त्यांच्या फोनवर येते.

घरच्या खात्यात लॉगिन केल्यावर उजवीकडे वर दातेरी चाकाचं चिन्ह दिसेल. त्यावर टिचकी मारून ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडा. वरच्या ओळीत ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ असा विभाग आहे. तिथे ‘ॲड अ फॉरवर्डिंग ॲड्रेस’ या बटणातून एकेका माणसाचा पत्ता घाला. शक्यतो प्रत्येकाचा खासगी पत्ता द्या, ऑफिसचा नको. नोकरी बदलली की तो पत्ता बंद होतो, आणि बाबांची स्टेटमेंटं कंपनीच्या सर्व्हरवर जाण्याचं तसंही काही कारण नाही.

पत्ता घातला की त्या माणसाला गूगलकडून एक मेल जातो. अमुक खात्याने तुमच्या पत्त्यावर मेल आपोआप पाठवायची परवानगी मागितली आहे, असा त्यातला मजकूर असतो, आणि खाली एक लिंक व एक आकडी कोड असतो. हा मेल पाठवायच्या आधी समोरच्याला फोन करा. अनोळखी लिंक उघडू नये हे आपणच सगळ्यांना शिकवलेलं असतं, त्यामुळे दादाने तो मेल बघून सरळ पुसून टाकला तर त्यात त्याची चूक नाही. फोन चालू असतानाच त्याने लिंक उघडून होकार द्यावा, नाहीतर कोड वाचून दाखवावा आणि तुम्ही तो सेटिंगमधल्या चौकटीत टाकावा. उलट, कुणाशी बोलणं झालेलं नसताना असा मेल आला तर त्याला हात लावू नये, हेही सांगून ठेवा.

सगळ्यांचे पत्ते मंजूर झाले की पान पुन्हा लोड करा. इथे ‘फॉरवर्ड अ कॉपी ऑफ इनकमिंग मेल टू’ असा पर्याय दिसेल. तो निवडला की स्पॅम सोडून येणारा प्रत्येक मेल एका पत्त्यावर जाऊ लागतो. फक्त एकाच पत्त्यावर. त्या यादीतून दोन निवडता येत नाहीत. घरात सगळा कारभार एकच माणूस बघत असेल तर हे पुरेसं आहे. शेजारच्या यादीत ‘कीप जीमेल्स कॉपी इन द इनबॉक्स’ ठेवा, म्हणजे मूळ मेल आई-बाबांच्या खात्यात जागेवर राहील, आणि खाली जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. ते बटण पानाच्या तळाशी आहे आणि ते दाबल्याशिवाय काहीच लागू होत नाही.

आमच्यासारखी वाटणी असेल तर मात्र ‘डिसेबल फॉरवर्डिंग’ हाच पर्याय तसाच राहू द्या. मंजूर झालेले पत्ते यादीत राहतात, आणि मेल पुढे पाठवायचं काम फिल्टर करतात, म्हणजे ठरावीक मेल ओळखून त्याचं काय करायचं ते सांगणारे नियम. मला हाच मार्ग योग्य वाटतो, आणि त्याचं मोठं कारण ओटीपी आहे. सगळं फॉरवर्ड केलं की बँकेचे ओटीपी, पासवर्ड बदलायच्या लिंक, सगळंच दुसऱ्या खात्यात पोचतं. मग ते दुसरं खातं कुणी फोडलं तर आई-बाबांच्या पैशालाही वाट मोकळी होते.

फिल्टर बनवायची सोपी रीत अशी. ज्याचे मेल पुढे पाठवायचे आहेत त्याचा एखादा जुना मेल उघडा, समजा महावितरणच्या बिलाचा. मेलच्या वर तीन टिंबांचं बटण आहे, त्यात ‘फिल्टर मेसेजेस लाइक दीज’ निवडा. एक चौकट उघडते आणि ‘फ्रॉम’ या जागी पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप भरलेला असतो. हाताने पत्ता लिहिताना होणारी एखाद्या अक्षराची चूक इथे होत नाही. आता लगेच पुढे जाऊ नका. आधी त्याच चौकटीतलं ‘सर्च’ दाबा. या अटीत कोणते मेल सापडतात ते समोर दिसतं. बिलाबरोबर जाहिरातीही दिसल्या, तर विषयाच्या जागी बिलाच्या मेलमध्ये नेहमी येणारा शब्द घाला आणि पुन्हा शोधा. यादीत नेमकं हवं तेवढंच उरलं की ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. पुढच्या चौकटीत ‘फॉरवर्ड इट टू’ वर खूण करून पत्ता निवडा. ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ वरही खूण करा, कारण स्पॅममध्ये अडकलेलं बिल कोणालाच दिसत नाही. ‘अप्लाय द लेबल’ मधून एखादं लेबल द्या. आमच्याकडे ‘वीज’, ‘विमा’, ‘कर’, ‘दवाखाना’ अशी मराठीच लेबलं आहेत आणि बाबांना ती पटकन सापडतात. शेवटी पुन्हा ‘क्रिएट फिल्टर’.

बँकेच्या मेलसाठी फिल्टर करताना जरा सावकाश घ्या. ओटीपी वगळायचा म्हणून लोक ‘डझन्ट हॅव’ या जागी ओटीपी आणि पासवर्ड असे शब्द घालतात. दिसायला बरोबर आहे, पण बँकांच्या साध्या स्टेटमेंटच्या मेलखालीसुद्धा ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ अशी सूचना असते, आणि वर पीडीएफ उघडायचा पासवर्ड कसा बनवायचा ते लिहिलेलं असतं. म्हणजे हे शब्द वगळले की स्टेटमेंटच गळून जातं. त्याऐवजी काय टाळायचं ते लिहू नका, काय पाठवायचं ते लिहा: ‘फ्रॉम’ मध्ये स्टेटमेंट पाठवणारा बँकेचा पत्ता आणि ‘सब्जेक्ट’ मध्ये स्टेटमेंट हा शब्द इंग्रजीत. ओटीपीच्या मेलचा विषय वेगळा असतो, त्यामुळे तो आपोआप मागे राहतो. एकाच फिल्टरमध्ये दोन-तीन पाठवणारे बसवायचे असतील तर त्यांच्या पत्त्यांच्या मध्ये ‘ऑर’ हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहा, लहान अक्षरांत चालत नाही.

फिल्टर फक्त यापुढे येणाऱ्या मेलना लागू होतो. जुन्या मेलवर लेबल लावता येतं, पण ते पुढे जात नाहीत. जुने महत्त्वाचे मेल एकदा हातानेच पाठवून द्या.

चाचणी घ्याच, पण ज्या पत्त्यावर मेल जाणार आहे त्याच पत्त्यावरून घेऊ नका. तुमच्याच जीमेलवरून पाठवलेला मेल फिरून तुमच्याकडे परत आला, तर जीमेल तो पाठवलेल्या मेलचाच भाग समजतं आणि इनबॉक्समध्ये वेगळा दाखवत नाही. मग व्यवस्था नीट चालू असूनही बंद असल्यासारखी वाटते. वहिनीच्या किंवा मित्राच्या खात्यावरून पाठवा. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बेतलेल्या फिल्टरची खरी परीक्षा मात्र पुढचं बिल येईल तेव्हाच होते, त्यामुळे त्या तारखेला लक्ष ठेवा. नवीन पत्त्यावर फॉरवर्डिंग सुरू झालं की पहिला आठवडा घरच्या इनबॉक्सच्या वर तशी सूचनेची पट्टी दिसते. बाबांना ती आधीच दाखवून ठेवा, नाहीतर खातं हॅक झालं म्हणून ते रात्री फोन करतील. आपण काही केलेलं नसताना अशी पट्टी दिसली, तर मात्र लगेच पासवर्ड बदलून फॉरवर्डिंगचा विभाग आणि फिल्टरची यादी तपासायची. खात्यात शिरलेले भामटे गुपचूप फॉरवर्डिंग लावून ठेवतात आणि नुसता पासवर्ड बदलल्याने ते निघत नाही.

मेल ज्याला मिळतो त्यानेही आपल्या बाजूला एक फिल्टर करावा. असा आलेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्याच नावाने दिसतो, पण ‘टू’ मध्ये घरचा पत्ता असतो. तेव्हा ‘टू’ मध्ये घरचा पत्ता लिहून ‘घर’ असं लेबल आणि स्पॅममध्ये न टाकण्याची खूण, एवढं पुरतं. बँकेचा मेल भलत्याच सर्व्हरकडून आलेला बघून समोरच्या खात्याला संशय येऊ शकतो, म्हणून ही काळजी.

आयकराच्या मेलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे मुदती असतात. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आणि नंतर कलम १४३(१) ची सूचना पीडीएफच्या रूपात मेलवर येते. ती उघडायचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत. मेल दादाला पोचला तरी बाबांचा पॅन त्याच्याकडे नसेल तर तो अडकतो. ही माहिती त्याला फोनवर सांगा, मेलमध्ये लिहून ठेवू नका.

उत्तर देताना एक अडचण येते. दादाने त्याच्या इनबॉक्समधून ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर बँकेला दादाच्या पत्त्यावरून जातं, आणि बँक तो पत्ता ओळखत नाही. पत्रव्यवहार करावा लागत असेल तर त्या माणसाला घरचा पासवर्ड देण्यापेक्षा प्रतिनिधी म्हणून प्रवेश द्या. सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’ खाली ‘ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट’ आहे. त्याच्या जीमेल पत्त्यावर निमंत्रण जातं, ते आठवड्याच्या आत स्वीकारावं लागतं, आणि प्रवेश सुरू व्हायला एखादा दिवस लागू शकतो. मग तो संगणकावरून घरच्या खात्यातले मेल वाचू, पाठवू आणि पुसूही शकतो. पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. पुसण्याचा अधिकारही जातो, हे लक्षात ठेवून एकालाच द्या.

जीमेल नसेल तर आउटलुकमध्येही ही सोय आहे: सेटिंगमध्ये ‘मेल’ आणि त्याखाली ‘फॉरवर्डिंग’. तिथे प्रत ठेवायची खूण वेगळी करावी लागते, ती विसरू नका. याहूच्या फुकट खात्यातून आपोआप फॉरवर्डिंग २०२१ पासून बंद आहे, ते आता पैसे भरूनच मिळतं.

मेल आपोआप पुढे जाऊ लागले की मूळ खातं उघडायचं राहूनच जातं, आणि सलग दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. शिवाय मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी भरले की नवे मेल येणंच थांबतं, आणि ज्यांना ते पुढे मिळायचे त्यांना कळतही नाही. म्हणून आई-बाबांकडे गेलं की त्यांच्याबरोबर बसून ते खातं उघडायचं, किती जागा उरली ते बघायचं, फिल्टरची यादी वाचायची. कुणाचं काम दुसऱ्याकडे गेलं असेल तर आधी फिल्टरमधला पत्ता बदला, मगच जुना पत्ता फॉरवर्डिंगच्या यादीतून काढा.