सीएमव्हीचा अहवाल येईपर्यंत झाड उभं ठेवू नका

आभाळ हटत नाही, बुरबुर थांबत नाही, रात्री गारवा. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या मृगबागेला (जून-जुलैच्या लागवडीला) हेच दिवस वाईट. कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे, पान अरुंद, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडलेला दिसला की तो सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आपला हरण्या. झाड त्याच दिवशी मुळासकट उपटा.

लोक नेमके इथेच चुकतात. नमुना प्रयोगशाळेत पाठवतात आणि झाड तसंच ठेवतात. एका बागेत अशी सहा झाडं उभी होती. पंधरवड्यात दोन ओळी पिवळ्या पडल्या.

तपासणी वाईट नाही. या विषाणूचा जनुकसंच आरएनएच्या तीन तुकड्यांत असतो. तिसरा तुकडा साधारण २,२०० जनुकीय अक्षरांचा, त्यावर विषाणूच्या कवचाचं जनुक. पानातल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती पीसीआरने वाढवतात आणि या जनुकाची ६५७ अक्षरं क्रमाने वाचतात. त्यावरून विषाणूचा उपगट कळतो. पण रोग रोपातून आला की माव्यातून (रस शोषणाऱ्या किडीतून), हे तो क्रम सांगत नाही. रोपवाटिकेशी भांडायचं असेल तर ट्रेमधली रोपं लागवडीआधीच तपासून घ्या. आता नमुना द्यायचाच असेल तर झाड उपटतानाच कोवळं पान काढा, कोरड्या कागदात गुंडाळा.

मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांत विषाणू उचलतो, तितक्याच वेळात पुढच्या झाडात सोडतो. औषधाने मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून दुकानदार 'व्हायरसवरची' म्हणून जी महागडी बाटली देतो, ती घेऊ नका. लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. फवारणी फक्त मावा कमी ठेवायला.

- उपटण्याआधी झाडावर व आजूबाजूला इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल ५ मि.लि., १० लिटर पाण्यात
- झाड बागेबाहेर नेऊन गाडणे
- दर ४-५ दिवसांनी फेरी
- केना व इतर तण काढणे
- नांग्या (रिकाम्या जागा) निरोगी रोपांनी भरणे

बागेत किंवा बांधाला गिलके, काकडी, चवळी, मिरची नको; हा विषाणू त्यांच्यावरही राहतो. सलग तीन दिवस झड लागली की आठवड्याने मी आधी गिलक्याच्या वेलाकडची ओळ बघतो. पुस्तकात हे नाही, पण पहिलं पिवळं पान मला बहुतेक वेळा तिथेच सापडलंय.