उतरताना ब्रेक, चढताना कूलंट

मे महिन्यात गुहागरला जायचं ठरलं की आमच्या घरी सामानाची यादी पंधरा दिवस आधी होते आणि गाडीची आठवण निघायच्या आदल्या संध्याकाळी. टाकी फुल, चारी चाकांत हवा, काचेवरून ओलं फडकं, झाली तयारी. एवढ्यावर गाडी जाते खरी, कारण पुण्याहून जाताना घाट उतरायचा असतो. तिचा कस लागतो तो परतताना. घाट चढायचा, माणसं तेवढीच, वर डिकी आंब्यांनी भरलेली, आणि आजीच्या घरून जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही म्हणून वेळ नेमकी भर दुपारची. मी हल्ली तयारी करतो ती त्या दुपारची.

हे शहाणपण कुंभार्ली घाटात आलं. पायथ्याचं पोफळी गाव सोडून वर चढत होतो. गाडीत पाच माणसं, सहा पेट्या, दोन फणस. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालेलं होतं. नंतर कळलं की गॅरेजवाल्याने कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतून दिलं होतं. सपाट रस्त्यावर पाण्यानेही भागतं, पण भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर रखडत चढते तेव्हा पाणी कूलंटच्या आधी उकळतं, आणि रोज वापरलं तर आतून गंजही धरतो.

म्हणून सर्व्हिसिंग निघण्याच्या किमान दहा दिवस आधी करून घ्या. काही चुकलं असेल तर ते गावातल्या गावात उघडं पडतं. कूलंट इंजिन थंड असताना स्वतः बघा. टाकीवर कमाल-किमान अशा दोन रेघा असतात, पातळी त्यांच्यामध्ये हवी आणि रंग गढूळ नको. सुटं कूलंट आणलं असेल तर डब्यावर वाचा. काही तयार मिळतात, काहींत डिस्टिल्ड पाणी निम्मं घालावं लागतं. होज पाईप बोटांनी दाबून पाहा. कडक झालेला, भेगा पडलेला किंवा जोडाशी ओलसर असलेला पाईप बदलून टाका. रेडिएटरचा पंखा लागतो की नाही, हे गाडी जागेवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून कळतं. नव्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, नुसता लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. चढावर एसीचा गारवा कमी झाला, इंजिनाचा आवाज बदलला, तर दिव्याची वाट बघू नका.

तापलीच, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हे ऐकून मागच्या सीटवरून शिव्या येतात, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. बरी जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. झाकण मात्र पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. आम्ही पाऊण तास दगडावर बसून करवंदं खाल्ली.

उतरण्याची तयारी म्हणजे ब्रेक. पॅड किती उरलेत ते चाक काढून बघायला सांगा. त्याहून जास्त विसरलं जातं ते ब्रेक ऑइल. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. नवीन डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पाणी मुरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. ताम्हिणी, वरंधा, आंबा, गगनबावडा, कोणताही घाट घ्या. उतारभर पाय ब्रेकवर ठेवला तर तेवढी उष्णता सहज तयार होते. मग पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षं झाली असतील तर ऑइल बदला. आणि ज्या गिअरवर हा घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना मागे बसवा.

टायरची हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजा. दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुतेक वेगळे असतात. आपण जाताना पहिला रकाना बघतो आणि येतानाही तोच धरून चालतो. एक हापूस पाव किलोचा धरा, पाच डझनांची पेटी 15 किलोची झाली. आठ पेट्या म्हणजे 120 किलो, म्हणजे डिकीत दोन धडधाकट माणसं. म्हणून परत निघताना चिपळूणला हवा पुन्हा भरून घ्यायची. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवा, असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. टायरवर शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. स्टेपनी मोजायला विसरू नका, आणि जॅक व पाना गाडीत खरोखर आहे ना, ते डिकीचा गालिचा उचलून बघा. आमचा पाना एकदा घरच्या माळ्यावर निघाला होता.

बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्या. तिला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त मारतो. एसीचा केबिन फिल्टर झटकून बघा. तांबड्या मातीच्या रस्त्यावर चार दिवस फिरल्यावर इंजिनाच्या एअर फिल्टरचा रंग बघून तुम्हालाच वाईट वाटेल, तोही परतल्यावर साफ करायचाच. वायपरची रबरं उन्हात कडक होतात आणि मे अखेरीस वळवाची सर येतेच. सीएनजी असेल तर टाकीच्या दर तीन वर्षांच्या चाचणीची तारीख बघा आणि किनाऱ्याला लागण्याआधी पेट्रोलही भरून ठेवा. पीयूसी आणि विम्याची मुदत, फास्टॅगमधले पैसे हे रात्री फोनवर बघून होतं. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033, एरवी 112.

आता खुद्द किनाऱ्याचं. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, जयगड-तवसाळ किंवा आगरदांडा-दिघी अशी फेरीबोट घेणार असाल तर ओहोटीला जेटीचा उतार तीव्र होतो आणि बसकी गाडी पुढून घासते. थोडी तिरकी चढवा, घाई करू नका. फेरीबोटीत हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा. पुळणीवर गाडी नेऊ नका. दर सुट्टीत कुणाची तरी गाडी वाळूत रुतते, भरती येते आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. ओली वाळू वरून घट्ट दिसते, वजन पडलं की खाली बसते. शिवाय खारं पाणी गाडीच्या पोटात गेलं की गंजाला सुरुवात होते. नुसतं किनाऱ्याजवळ उभी ठेवली तरी खारा वारा लागतोच, म्हणून घरी आल्यावर वरच्या रंगापेक्षा खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा.

गावी गाडी कुठे लावायची हा प्रश्न मोठा. माडाखाली नको. नारळ पडतो तेव्हा आवाज ऐकू येईपर्यंत काच गेलेली असते, आणि झावळीही काही हलकी नसते. आंब्याखाली चीक पडतो, तो उन्हात वाळला की रंगावर डाग धरतो. दिसताच ओल्या फडक्याने पुसा. खळ्यात, म्हणजे अंगणात, सावली शोधत बसण्यापेक्षा उघड्यावर लावा आणि पुढच्या काचेला पुठ्ठा लावा. चार दिवस एका जागी उभी राहिली तर निघायच्या सकाळी बोनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघा. दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असलेल्या अरुंद पाखाडीत आरसे मिटून घ्या. जांभा दगडाचा चिरा रंगाला दयामाया दाखवत नाही.

सामान भरताना जड पेट्या तळाशी, पुढे सीटच्या पाठीला टेकवून. मागची काच झाकली जाईल एवढं रचू नका. कोकमाच्या आगळाची बाटली उभी, प्लास्टिकच्या पिशवीत, बादलीत ठेवा. गालिच्यावर सांडलं तर डागही जात नाही आणि वासही. फणस मात्र डिकीत मावत नाही आणि काकू तो दिल्याशिवाय राहत नाहीत. पुढच्या सीटवर ठेवलात तर बेल्ट लावा, नाहीतर गाडी पाटणपर्यंत टिंग टिंग करत राहते.