शेतीवर लिहायचंय? आधी पोत्यांचा हिशोब करा

कृषी पदवी घेतलेली, शेतीवर लिहू पाहणारी मुलं त्यांचे लेख मला वाचायला देतात. सुरुवात बहुधा ठरलेली: ‘सोयाबीन हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे तेलबिया पीक आहे.’ अरे बाबा, वाचणाऱ्याचं निम्मं आयुष्य सोयाबीन पेरण्यात गेलंय! तो परिच्छेद सरळ खोडा. लेख त्याच्या खाली सुरू होतो.

मग येतं खत. ‘हेक्टरी ३०:६०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश द्यावे.’ (विद्यापीठागणिक आकडे थोडे बदलतात, आपल्या भागाचे घ्या.) शिफारस म्हणून बरोबर, पण दुकानात नत्र मिळत नाही, डीएपीचं पोतं मिळतं. वाचणाऱ्याकडे जमीन आहे अडीच एकर, तीही दोन तुकड्यांत. म्हणून गणित तुम्ही करून द्या. एकरी झाले १२:२४:१२. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतं. राहिलेल्या ३ किलो नत्रासाठी साधारण साडेसहा किलो युरिया, पालाशासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. या दोन ओळींसाठी लोक लेखाचं कात्रण जपून ठेवतात. पुढची दोन पानं नसली तरी चालतं.

फवारणीचंही तेच. ‘हेक्टरी ५०० लिटर पाण्यातून’ म्हणजे एकरी २००, म्हणजे १५ लिटरचे तेरा-साडेतेरा पाठीवरचे पंप. तेव्हा औषधाची मात्रा पंपामागे सांगा. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, तिथे मात्रा एकरावर धरायची, हेही त्याच ओळीत यायला हवं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तरी हातमोजे, मास्क आणि औषध किती विषारी ते सांगणारा डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण अजून लेखाच्या शेवटी ‘दक्षता’ नावाच्या चौकटीत पडून असतात. तिथवर कोण पोचतो? मात्रेला लागूनच लिहा.

आता अवघड भाग. वाचकाला हवं ते द्यायचं, पण तो विचारतो, “साहेब, कपाशीवर काय मारू?” आणि खरं उत्तर पुष्कळदा ‘अजून काही नको’ असं असतं. ते लांबलचक उपदेश करून सांगितलंत तर तो पान उलटून दुकानदाराकडे जाईल. त्यापेक्षा पैसे कुठे वाचतात तिथून सुरुवात करा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग तीन दिवस दर सापळ्यात रोज गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग सापडेपर्यंत तिच्यासाठीची फवारणी थांबू शकते. मात्र डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली फुलं) आणि हिरवी बोंडं फोडून बघत राहायचं. मर्यादा ओलांडली तर काय मारायचं, तेही लगेच खाली द्या. ते टाळलंत तर तुमच्यावर पुन्हा विश्वास बसणार नाही.

वेळेचं म्हणाल तर, सोयाबीन बियाण्याच्या उगवणक्षमतेचा लेख मेमध्येच हातात पडायला हवा. १०० बिया ओल्या गोणपाटात ठेवायच्या, ७० तरी उगवल्या पाहिजेत. पेरणी उलटल्यावर हे छापून काय उपयोग?

यशोगाथा मात्र मला बहुतेक वेळा वाचवत नाहीत. ‘एकरात लाखोंचे उत्पन्न’ असा मथळा, आणि आत तोडणीची मजुरी नाही, गाडीभाडं नाही, आडत नाही, विहिरीला पाणी कुठवर टिकलं ते नाही. वाचक नेमकं तेच शोधत असतो. त्याला कौतुक नको, जमाखर्च हवा. एखाद्या वर्षी भाव पडला तेव्हा काय केलंत, हा प्रश्न न विचारता परत येऊ नका. आणि शेतकऱ्याचा मोबाईल नंबर छापायचा असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. हिशोब नीट मांडलेला असला तर पुढचे आठ दिवस लोक त्याला धड जेवूही देत नाहीत.