कोऱ्या वाइपमध्येही शिसं!

अंबडच्या एमआयडीसीत आमचं बॅटरी दुरुस्तीचं छोटं शेड आहे. शिशाची धूळ कुठं कुठं बसते ते बघायला हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र भाड्यानं आणलं. दिसायला पिस्तूल. एक्स-रे पडले की प्रत्येक धातू आपापल्या ऊर्जेचे किरण परत देतो, त्यावरून ओळख पटते. १० बाय १० सेंमी जागा ओल्या वाइपनं पुसायची, वाइप वाळवून यंत्राखाली ठेवायचा.

टेबल तीनदा धुतलं, तरी आकडा हलेना. पोरं म्हणाली, "दादा, टेबलच भंगारात घालू." वैतागून पाकिटातला कोरा वाइप ठेवला. त्यातही शिसं!

मग यंत्राचं तोंड उजेडात धरलं. पातळ फिल्मवर राखाडी डाग. आदल्या दिवशी मीच ते थेट बॅटरीच्या शिशाच्या प्लेटांवर टेकवलं होतं. फिल्म बदलली, कोऱ्या वाइपमधलं शिसं गेलं. (बोटानं पुसू नका; फिल्म फाटून कण आत गेले तर किरण मोजणारा डिटेक्टरच जायचा.)

यंत्र आर्सेनिकही दाखवत होतं, पण तो आकडाही भरवशाचा नव्हता. परत येणाऱ्या किरणांच्या ठरावीक ऊर्जेला रेषा म्हणतात; आर्सेनिकची १०.५४ आणि शिशाची १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची (ऊर्जेचं एकक) रेषा एकमेकींवर बसतात, म्हणून शिशासाठी १२.६ची रेषा बघितली.

टेबल स्वच्छ निघालं. सगळ्यात जास्त शिसं होतं जेवणाचे डबे ठेवायच्या फळीवर. ती त्याच संध्याकाळी शेडबाहेर काढली.