फॉस्फेटची पहिली ड्रिप लावण्याआधी

मेडिसिनच्या रेसिडेन्सीला लागून मला दोनच महिने झाले होते. आयसीयूत नाइट ड्यूटी होती. 4 नंबरच्या बेडवर 38 वर्षांच्या एक बाई होत्या. आतड्याचा टीबी, दीड महिना जेवण जवळजवळ बंद, वजन जेमतेम 40 किलो. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, फीड सुरू होऊन दोन दिवस झाले होते. त्यांचा भाऊ सारखा दाराशी येऊन म्हणायचा, "डॉक्टर, ताईच्या पोटात काहीतरी जाऊ द्या हो, नुसती हाडं राहिलीत." मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी फीड भराभर वाढवत नेलं. तिसऱ्या रात्री त्यांना मान उचलवेना, श्वास उथळ झाला, आणि रिपोर्टमध्ये फॉस्फरस आला 0.8.

रक्तात फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपात असतो. मोठ्या माणसाच्या रक्तात तो साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतो. 1 च्या खाली गेला की विषय गंभीर. पेशीला लागणारी ऊर्जा एटीपीच्या रूपात असते आणि एटीपीत फॉस्फेट असतं. ते संपलं की डायाफ्राम, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायूसुद्धा थकतो. म्हणूनच व्हेंटिलेटरवरून निघू न शकणाऱ्या रुग्णाचा फॉस्फरस बघायला सीनियर सांगतात. हृदयाचं आकुंचन मंदावतं, स्नायू झिजतात, क्वचित लाल पेशी फुटतात.

पण अन्न मिळाल्यावर फॉस्फरस कमी का व्हावा, हे मला त्या रात्रीपर्यंत नीट उमगलं नव्हतं. उपासमारीत शरीरातला साठा आटलेला असतो, तरी रक्तातला आकडा बराचसा टिकून राहतो. मग ग्लुकोज पोचतं, इन्सुलिन वाढतं, आणि पेशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आत ओढून घेतात. हाच रीफीडिंग सिंड्रोम. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी लोक जेवण मिळाल्यावर दगावले, तेव्हा हे प्रथम ठळकपणे दिसलं. ब्रिटनच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णाला दिवसाला किलोमागे फार तर 10 किलोकॅलरींनी सुरुवात करायला सांगतात, अगदी खंगलेल्याला 5 ने. आमच्या बाईंना मी त्याच्या कितीतरी पुढे नेलं होतं.

आता त्या ऑर्डरबद्दल. सीनियरला फोन केला. ते म्हणाले, 15 मिलिमोल पोटॅशियम फॉस्फेट सहा तासांत दे. (मिलिमोल हे फॉस्फेट मोजायचं एकक.) मी ट्रीटमेंट शीटवर लिहिलं: "पोटॅशियम फॉस्फेट 15, सलाइनमध्ये." एकक लिहिलंच नाही. आमच्याकडचं अँप्यूल होतं 15 मिलीचं. सिस्टरनी ते हातात घेतलं, शीट पाहिली आणि माझ्याकडे आल्या. "मॅडम, हे 15 म्हणजे काय? एमएल की मिलिमोल?"

त्या अँप्यूलच्या प्रत्येक मिलीत 3 मिलिमोल फॉस्फेट आणि 4.4 मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम होतं. मला हवे होते 5 मिली, म्हणजे 15 मिलिमोल फॉस्फेट आणि त्याबरोबर 22 पोटॅशियम. अख्खं अँप्यूल गेलं असतं तर फॉस्फेट 45 आणि पोटॅशियम 66. सिस्टरनी विचारलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढे कितीतरी रात्री करत होते. त्यांना हा प्रश्न पडला, कारण पंधरा वर्षांत त्यांनी हे इंजेक्शन अनेकदा भरलं होतं. नव्यांनी अशा सिस्टरच्या शेजारी उभं राहून ड्रिप भरताना बघावं, हे मी मनापासून सांगते.

तेव्हापासून मी ऑर्डर एकाच पद्धतीने लिहिते. आधी फॉस्फेट किती मिलिमोल, मग ते किती मिली, मग त्यातून पोटॅशियम किती जाणार, कोणत्या सलाइनमध्ये, किती तासांत. त्या रात्रीची सुधारलेली ऑर्डर अशी होती: फॉस्फेट 15 मिलिमोल, म्हणजे 5 मिली, पोटॅशियम 22 मिलिइक्विव्हॅलंट, नॉर्मल सलाइन 500 मिली, 6 तास, इन्फ्युजन पंपावर, मॉनिटर लावून. मिलिग्रॅममध्ये लिहू नका. 1 मिलिमोल म्हणजे 31 मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि हे रूपांतर पहाटे तीन वाजता डोक्यात करायचं नसतं. अँप्यूलची ताकद कंपनीनुसार बदलू शकते, म्हणून लेबल दर वेळी वाचा. आणि हे इंजेक्शन थेट शिरेत कधीही ढकलायचं नाही. पातळ न करता गेलेलं पोटॅशियम हृदय थांबवतं.

डोसाचा तक्ता तुमच्या युनिटमध्ये असेल, तोच पाळा. साधारणपणे किडनी ठीक असलेल्या रुग्णात गंभीर कमतरतेला किलोमागे 0.32 ते 0.64 मिलिमोल देतात, मध्यम असेल तर त्याच्या निम्मं. वेग तासाला 7 मिलिमोलच्या आत. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर डोस निम्म्यावर आणा आणि सीनियरला विचारल्याशिवाय हात लावू नका. पोटॅशियम आधीच 4 च्या वर असेल तर सोडियमचं फॉस्फेट फार्मसीत मिळतं का, ते विचारा.

कॅल्शियमची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ही चूक दिसत नाही. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की साका तयार होतो. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच लाइनमधून द्यायचं नाही, आणि रिंगर लॅक्टेटमध्येही मिसळायचं नाही. त्यात कॅल्शियम असतं हे मी एमबीबीएसला पाठ केलं होतं, तरी वॉर्डात पहिल्यांदा आठवलं नव्हतं. ड्रिप सुरू असताना रक्तातलं कॅल्शियमही खाली येतं. ओठांभोवती मुंग्या येतात का, हात आखडतात का, हे रुग्णाला विचारत राहा. सुरू करण्याआधी कॅल्शियम पाहा, आणि कमीच असेल तर आधी सीनियरशी बोला.

ड्रिप संपल्यावर दोन ते चार तासांनी फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुन्हा पाठवा. नमुना ड्रिपच्या हातातून घेऊ नका. हिमोलाइज झालेल्या, म्हणजे लाल पेशी फुटलेल्या नमुन्यात फॉस्फरस खोटाच वाढलेला दिसतो, तेव्हा नंबर बरा आला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका.

प्रत्येक कमी आकड्याला ड्रिप लागत नाही. डायबेटिक कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे मधुमेहात इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा, इन्सुलिन सुरू केल्यावर फॉस्फरस घसरतोच. तो 1 च्या खाली गेला, किंवा श्वास, हृदय, रक्तक्षय यांचा प्रश्न असला, तरच द्यायचा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं इंजेक्शन घेतल्यानंतर काहींचा फॉस्फरस आठवडे खाली राहतो. तिथे किडनीच तो लघवीतून सोडत असते, ड्रिपने फारसं काही साधत नाही. ही माहिती मिळवायची तर रुग्णाला "गेल्या महिन्यात लोहाची सलाइन लावली होती का?" असं सरळ विचारा.

त्या बाईंचं फीड आम्ही त्याच रात्री खाली आणलं, थायमिन (व्हिटॅमिन बी1) सुरू केलं, मॅग्नेशियमही भरून काढलं. सकाळी फॉस्फरस 1.4 होता, म्हणून तशीच आणखी एक ड्रिप दिली. चौथ्या दिवशी तो 2.3 वर आला, तेव्हा शिरेतून देणं बंद केलं. भाऊ पुन्हा दाराशी आला. त्याला बाकावर बसवून फीड इतक्या हळू का वाढवतोय ते सांगितलं. तो ऐकून घेत होता, आणि मग म्हणाला, "मग दूध तरी चालेल ना?" दुधात फॉस्फरस भरपूर असतो. चालेल म्हटलं, पण आम्ही सांगू तेवढंच.